तोंड पाहून

प्रिय वाचकहो, काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त मी चेन्नईत असताना यवतमाळ जिल्ह्यातील एक तरुण मला भेटावयास आला. दुसऱ्या दिवशी तेथे त्याची नोकरीसाठी मुलाखत होती. बोलताना तो सारखा हातरुमाल तोंडाशी नेई, कारण त्याच्या दातांवर तपकिरी डाग होते. निघताना मी वडीलकीच्या नात्याने सांगितले, "उद्या फारसा हसू नकोस." तो सल्ला आज मला बोचतो.

आपल्या देशात या डागांमागील विकाराची आरंभीची नोंद त्याच प्रांतात झाली. १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोरोसिस या विकाराचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. खडकातील फ्लोराइड विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात उतरते. बालपणी दात घडत असताना ते पाणी पोटात गेले, तर दातांवरील कवचच सदोष बनते. मग कितीही घासले तरी डाग निघत नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरी सोय नसल्यास १.५ मिलिग्रॅम, ही आपल्या देशातील मानक मर्यादा आहे. तमिळनाडूतील धर्मपुरी व कृष्णगिरी आणि आपल्याकडील यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील कित्येक गावांत ती ओलांडलेली आढळली आहे. मुलाखत घेणाऱ्याला मात्र त्या डागांत तंबाखू, आळस किंवा अस्वच्छता दिसते. वस्तुतः तो उमेदवाराच्या गावची विहीर पाहत असतो.

हा अन्याय कधी नियमाचे रूपही घेतो. तमिळनाडूच्या सीमेलगत, केरळातील अट्टप्पाडी येथील एका आदिवासी तरुणाला लेखी व शारीरिक चाचण्या उत्तीर्ण होऊनही वनखात्यातील नोकरी नाकारण्यात आली, असे वृत्त २०२२ च्या डिसेंबरात आले. कारण एवढेच की, त्याचे दात पुढे आलेले होते. लहानपणी तो पडला होता आणि गरिबीमुळे उपचार झाले नव्हते.

कोणी म्हणेल, "मालकाने निवड करू नये काय?" अवश्य करावी. वाहनचालकाची दृष्टी तपासणे न्याय्य आहे, कारण ते काम डोळ्यांवाचून होत नाही. परंतु जंगल राखण्याचे किंवा हिशेब लिहिण्याचे काम दातांच्या ठेवणीवर अवलंबून नाही. "ग्राहकांना आवडत नाही," हे उत्तरही पुरेसे नाही; दुसऱ्याच्या पूर्वग्रहाची किंमत आपण गरिबाकडून वसूल करीत असतो.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्या पापाचा निषेध आहे, त्यासाठी मराठीत 'पक्षपात' हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अक्षरशः अर्थ 'तोंड स्वीकारणे' असा आहे. मराठी शब्द चुकीचा नाही, पण त्यात ते तोंड दिसेनासे होते. पंगतीत तोंडे पाहून वाढणाऱ्याला आपण नावे ठेवतो. मग नोकरी देताना तेच कसे चालते?

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण शाळा, रुग्णालये व मंडळ्यांच्या निवड समित्यांवर बसतात. पुढच्या उमेदवाराने तोंडाशी रुमाल धरला, तर तो खाली ठेवण्याचे धैर्य त्याला आपल्या वागण्यातून मिळेल काय? त्या तरुणाला ती नोकरी मिळाली नाही. कारण कळले नाही. परंतु मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळीच मी त्याचे तोंड पाहून निर्णय दिला होता, हे मला ठाऊक आहे. प्रभू मला क्षमा करो.