शेवटचा क्षण आणि रोजचा अभ्यास



रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या आहेत. सराफ सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. तो दगड सोन्यात काहीच भर घालत नाही. जे मुळात आहे, तेच दाखवतो. आयुष्यातला शेवटचा क्षणही असाच असतो.

आपल्यातील अनेक तरुणांना बास्केटबॉलचे वेड आहे. शेवटच्या सेकंदाला मिळालेला विजय पाहून ते भान विसरतात. 12 मे 2019 रोजी टोरंटो आणि फिलाडेल्फिया यांचा निर्णायक सामना 90-90 असा बरोबरीत होता. शेवटची चार सेकंदे उरली होती. टोरंटोच्या कवाय लेनर्डने कोपऱ्यातून चेंडू फेकला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. चेंडू कड्यावर चार वेळा उसळला आणि मग जाळीत पडला. वेळ संपण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला असेल, तर गुण मिळतात, असा नियम आहे. टोरंटो 92-90 ने जिंकले.

चेंडू हातात असेपर्यंतच खेळाडूचा अधिकार होता. तो उसळत असताना लेनर्डलाही इतरांसारखे नुसते पाहत राहावे लागले. कर्म आणि फळ यांचे नातेही असेच आहे. मुदतीत, मन लावून कर्म करणे आपल्याकडे. फळ कधी, कसे पडेल ते ईश्वराकडे.

पण ऐन क्षणी हात स्थिर कसा राहिला? त्यामागे वर्षांचा सराव होता. आपल्या शेजारच्या भिलाईत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी वर्षानुवर्षे मुलींना घडवले, तेव्हा छत्तीसगडच्या महिला संघाला राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली.

आपण मात्र म्हणतो, "आता संसार, नामस्मरण म्हातारपणी पाहू." अजामिळाचा दाखलाही देतो. त्याने शेवटी मुलाला हाक मारली, तोंडी नारायणाचे नाव आले आणि तो सुटला! पण भागवतातली पुढची कथा आपण विसरतो. यमदूतांपासून सुटल्यावर अजामिळ घर सोडून गंगाद्वारी गेला आणि तिथे त्याने साधना केली. त्या एका हाकेने त्याला सवलत नव्हे, तर साधनेसाठी वेळ मिळाला.

गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत अंतकाळच्या स्मरणाचे महत्त्व सांगतात आणि लगेच अर्जुनाला सर्व काळ स्मरण ठेवून युद्ध करायला सांगतात. कारण सामन्याचे घड्याळ सर्वांना दिसते, आयुष्याचे कोणालाच दिसत नाही. आपला शेवटचा क्षण कोणता, हे ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक क्षणाची तयारी हवी.

म्हणून आजपासून एक संकल्प करूया. प्रत्येक रात्र हा छोटासा अंतकाळ मानावा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मोबाईल दूर ठेवावा, दिवसभरातली कर्मे तपासावीत, ज्याच्यावर रागावलो त्याला मनातून क्षमा करावी आणि भगवंताचे नाव घेत डोळे मिटावेत. हा सराव रोज झाला, तर शेवटच्या क्षणी नाव आठवावे लागणार नाही; ते आपोआप ओठांवर येईल.