राखून ठेवलेले औषध

आजारी माणसास असेल ते प्रखरात प्रखर औषध द्यावे, यात वाद कसला, असे आम्ही तीन वर्षांपूर्वीपर्यंत मानीत होतो.

त्या साली माघात आमच्या तीर्थरूपांस ताप व खोकला जडला. त्यांस मधुमेह, आमचा धीर सुटला. बेटम्यातील एका औषधांच्या दुकानी आम्हीच हट्ट धरून लेव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या चिठ्ठीवाचून आणल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. तीन आठवड्यांनी तो परतला. पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा उतार. अखेर इंदुरास थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. तोवर दोन महिने घरातील लहान मुले त्यांच्याच मांडीवर खेळत होती.

ही गोळी क्षयाच्या जंतूंसही काही काळ दाबते. रोग बरा होत नाही, लपतो. म्हणूनच इंडियन चेस्ट सोसायटी व नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स यांनी 2012 साली प्रौढांच्या न्यूमोनियाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या वर्गातील प्रतिजैविके केवळ अंदाजाने देऊ नयेत असे सांगितले. अमेरिकेच्या 2007 सालच्या तत्त्वांत मात्र मधुमेही रुग्णास ती चालत असत. तेथे क्षय विरळा, येथे तो नित्याचा. परदेशी नियम जसाच्या तसा उचलला असता, तर आमची चूकच शास्त्रसंमत ठरती! पुढे 1 मार्च 2014 पासून अशा औषधांच्या विक्रीची निराळी नोंदवही ठेवणे दुकानदारांस बंधनकारक झाले. ती किती ठिकाणी भरली जाते, हे वाचकांनीच पाहावे.

तरीही मनातील प्रश्न मिटत नाही. वाटेल तेव्हा वापरलेल्या औषधास जंतू निर्ढावतात, हे खरे. पण समोर धापा टाकणाऱ्यास, उद्याच्या अनोळखी रुग्णांसाठी हे औषध राखले आहे, असे कोणत्या तोंडाने सांगावे? तीर्थरूपांच्या बाबतीत त्यांचे हित व जगाचे हित एकच होते. सर्वांच्या बाबतीत तसे असेलच असे नाही. एखाद्याच्या वाट्यास नियम कठोरही ठरेल. परंतु भयाच्या घटकेस आमची स्वतःची बुद्धी किती चालली, हे आम्ही पाहिले आहे.

गेल्या श्रावणात शेजारच्या काकांस तसाच ताप भरला. जोरदार गोळ्या आणून दे, म्हणाले. आम्ही त्यांस डॉक्टरांकडे नेले. थुंकीत क्षय नव्हता. साध्या अमॉक्सिसिलिनने पाच दिवसांत उतार पडला. काका अद्याप आमच्याशी बोलत नाहीत.