साधन श्रेष्ठ कीं साधक?

शिडाच्या लहान नौकांच्या, म्हणजे डिंगींच्या, कांहीं शर्यतींत सर्वांच्या नौका एकाच साच्याच्या ठेवण्याची रीत आहे. हेतु हा कीं, हारजीत नौकेची न ठरतां खलाशाची ठरावी. ऑलिंपिकमध्यें लेझर वर्गाच्या नौका 1996 पासून आयोजकच पुरवूं लागले. तरीहि ब्राझीलच्या रॉबर्ट शाइट यानें 1996 सालीं सुवर्ण, 2000 सालीं रौप्य व 2004 सालीं पुन्हां सुवर्णपदक मिळविलें. पाण्यावरील लहरींवरून वाऱ्याचा पालटता रोख ओळखणें, नौका कलूं लागतांच काठाबाहेर अंग झोकून तिला सांवरणें, हीं कामें साचा करीत नाहीं. येथवर कौशल्यवाद्यांचा पक्ष आम्हांस मान्य आहे.

पण तें कौशल्य आलें कोठून? शर्यतीच्या दिवशीं नौका समान असते. त्यापूर्वींच्या दहा वर्षांतील नौका समान नसते. कित्येकांच्या वांट्यास तर ती येतच नाहीं! याच वर्गांत (आतां त्यास आयएलसीए 7 म्हणतात) 2023 च्या आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणारे विष्णू सरवणन यांच्यामागें मुंबईचें लष्करी नौकाकेंद्र उभें होतें. यानें त्यांचें श्रेय उणें होत नाहीं. मात्र नंदुरबार जिल्ह्यांतील ब्राह्मणपुरीस तितक्याच तल्लख नजरेचा एखादा मुलगा असला, तर साच्याची समता त्याच्यापर्यंत पोंचावी कशी? त्याच शहादें तालुक्यांत प्रकाशा येथें तापीवर बंधारा आहे. त्याच्या पाण्यावर आधीं दोन डिंगी ठेवाव्या. त्या मुलाच्या कौशल्याचा विचार मग करूं.