नोंदवहीत नसलेला खर्च

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची शाळा. वर्गातल्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा तिचा होता. त्यात कंगवा, नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली, हळदीची पुडी, सुईदोरा, सदऱ्याची सुटी बटणं, पेन्सिलींचे तुकडे आणि बिस्किटांचे पुडे असायचे. हे सगळं ती पगारातून आणायची.

बिस्किटं देण्याची तिची एक रीत होती. एखादं पोर सकाळी काही न खाता आलंय हे तिला त्याच्या जांभयांवरून कळायचं. मग ती त्याला म्हणायची, "जा रे, कपाटातून खडू आण." खडूच्या डब्याशेजारीच फोडलेला पुडा ठेवलेला असायचा. पोर जरा वेळानं खडू घेऊन यायचं आणि ती त्याच्या तोंडाकडे न बघता फळ्याकडे वळायची. चौथीपर्यंत मी त्याच वर्गात बसत होतो. ही युक्ती माझ्या लक्षात आली तेव्हा मला शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती.

तिच्या निरोपसमारंभात गावातली माणसं बोलली. बाईंनी लेकरांना आईची माया दिली, असं जो तो म्हणाला. ते खरंच होतं. पण माझं मन हल्ली त्या कप्प्यापाशी अडतं. बिस्किटं म्हणजे आहार, हळद आणि तेल म्हणजे आरोग्य, बटणं म्हणजे गणवेश, पेन्सिली म्हणजे शालेय साहित्य. त्या कप्प्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी सरकारी अंदाजपत्रकात एक शीर्ष असायला हवं होतं, किंवा असूनही तिथला पैसा आमच्या डोंगरापर्यंत चढत नव्हता. आम्ही जिला माया म्हणत होतो ती मायाच होती, आणि त्याच वेळी ती एका शिक्षिकेनं एकटीनं भरून काढलेली तूटही होती.

हे म्हणायला मला इतकी वर्षं का लागली? तूट म्हटली की माया कमी ठरेल, असं वाटायचं. आता तसं वाटत नाही, आणि त्याला कारण खिचडी.

1995 साली शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना आली. सुरुवातीला मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा. तो घरातल्या सगळ्यांच्या पोटात जायचा, आणि ते बरोबरच होतं. सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 रोजी शाळेत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, आणि यथावकाश आमच्या शाळेतही चूल पेटली. दुपारी गरम खिचडी मिळू लागल्यावर आईला बिस्किटांचे पुडे कमी लागू लागले. तिची माया काही आटली नाही. ती आता वाचनाकडे, पाढ्यांकडे, मागच्या रांगेतल्या मुक्या पोरीकडे वळली. सार्वजनिक पैसा नीट आला की शिक्षकाची करुणा मोकळी होते. पोट भरण्याच्या कामातून सुटून ती शिकवण्याच्या कामाला लागते, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. 3 जानेवारी 1992 पासून, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीचं निमित्त धरून, राज्यानं गरीब मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. अनुसूचित जातीजमाती आणि भटक्या विमुक्तांतल्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली पहिली ते चौथीची मुलगी शाळेत आली की दिवसाला एक रुपया. आई त्याची वेगळी वही ठेवायची. तीस वर्षं उलटली तरी तो भत्ता दिवसाला एक रुपयाच होता. मला त्याहून जास्त बोचते ती एक साधी गोष्ट. भत्ता हजेरीवर होता. आणि आमच्या भागातल्या ज्या मुलीला त्याची सर्वांत जास्त गरज होती ती दसरा-दिवाळीनंतर शाळेत नसायचीच. आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. कोयत्याबरोबर तीही पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जायची, कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळायला. वसंतात परत यायची तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असायची. योजना करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पैसा हजर असणाऱ्याला, असा नियम केला की गैरहजर राहावं लागणारं मूल त्यातून गळतं, मग ते कितीही गरीब असो.

सरकारी शाळेतल्या पैशाचं सगळं गणित 'पट' या एका शब्दाभोवती फिरतं. पटावर किती, त्यावरून शिक्षक किती, अनुदान किती, शाळा राहणार की जाणार. समग्र शिक्षा अभियानात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळतं. महिन्याला हजारही नाही. त्यात खडू, झाडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती आणि विजेचं बिल. गळकं छप्पर पंधरा पोरांवर गळतं तसंच दीडशे पोरांवरही गळतं. पत्र्याची किंमत पट बघून कमी होत नाही. दोनशे पटाच्या शाळेला 50,000 मिळतात. दर मुलामागे हिशेब केला तर लहान शाळेला जास्तच मिळतं, असं अधिकारी दाखवून देऊ शकतील, आणि कागदावर ते बरोबरही असेल.

न्याय्य खर्चाची चर्चा मराठीत नेमकी इथेच अडकते असं मला वाटतं. दरडोई सारखा पैसा म्हणजे न्याय, हे आपल्याला फार लवकर पटतं. वाडीवस्तीवरच्या अठरा मुलांच्या शाळेत दोन शिक्षक ठेवले तर प्रत्येक मुलामागचा खर्च साठ मुलांच्या दोनशिक्षकी शाळेच्या तिपटीहून अधिक येतो. खर्च जास्त आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण तो त्या मुलांनी केलेला नाही. डोंगरानं, पावसानं, रस्ता न झाल्यानं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोरडवाहू जमिनीनं तो आधीच करून ठेवलेला आहे. आपण तो उचलला नाही तर तो नाहीसा होत नाही, मुलाच्या पायांवर जातो.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक, हे त्याचे निकष. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचे दाखले दिले गेले. मार्च 2024 च्या संच मान्यतेच्या निर्णयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांतली शिक्षकाची पदं आणखी आक्रसली. निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 मानधनावर नेमायची व्यवस्था त्याआधीच आली होती. समूह शाळेच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे. इयत्तेत चारच मुलं असली तर वादविवाद, खेळ, चुरस यांना ती मुकतात. आईही हे बोलायची; कबड्डीचे दोन संघ होत नाहीत याचं तिला वाईट वाटायचं. पण घाटातून येणारी बस एक दिवस आली नाही, तर त्या दिवशी घरी कोण राहतं? बहुतेकदा मुलगी. दोन-चार दिवस अशीच राहिली की तिच्या हातात धाकटं पोर येतं आणि मग तिची शाळा सुटल्याची नोंदही कुणी करत नाही. आधी बस, सोबतीला बाई, पावसाळ्याची सोय, आणि हे सगळं दोन वर्षं चालवून दाखवा. शाळेला कुलूप त्यानंतर लावा. क्रम उलटा झाला की माझा विरोध आहे.

करुणा म्हणजे नुसता स्वभाव नाही, ती व्यवस्थाही असू शकते, याचं आपल्याकडचं सर्वांत सुंदर उदाहरण कोसबाडचं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांवर काम करताना पाहिलं की मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! पण हा शब्द उच्चारताना मला नेहमी आठवतं की कुरणात जाणाऱ्या शिक्षकालाही पगार लागतो, आणि तो पटावरच्या सरासरीत बसत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालवणं हेही त्याच जातीचं काम. मूल मागे राहिलं तर त्याला जेवायला कोण घालणार, हा प्रश्न आधी विचारायचा आणि मग हजेरीचा. या वसतिगृहाचं अनुदान दिवाळीनंतर दोन महिन्यांनी आलं तर त्याचा उपयोग नसतो, कारण तोवर गाडी गेलेली असते.

असा हिशेब मागणारा आपल्याकडे कोणी झालाच नाही असं नाही. जोतिराव फुल्यांनी 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी काय मागितलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, प्राथमिक शिक्षकांचे पगार वाढवा, असं बजावलं. चौतीस वर्षं शाळांशी नातं असलेला माणूस आयोगाकडे जाऊन दया मागत नाही, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे विचारतो. माझ्या दृष्टीनं 1848 चे फुले आणि 1882 चे फुले एकाच वाक्याचे दोन भाग आहेत, आणि आपण दुसरा भाग गाळून पुतळे उभे केले.

त्याग मात्र आपल्याला आवडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. ही गोष्ट ऐकताना आजही माझा गळा दाटतो. पण ते परक्या राज्यात घडलं. 2002 च्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. हक्क मान्य झाल्यावरही शिक्षकाच्या पगारातल्या बिस्किटांवर शाळा चालावी आणि आपण सत्कारात शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हावं, हे लक्ष्मीबाईंच्या त्यागाचं स्मरण नव्हे. कोठारी आयोगानं 1966 साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. 1968, 1986 आणि 2020 या तिन्ही धोरणांनी तो आकडा पुन्हा लिहिला. आजवर एकदाही तो गाठलेला नाही.

दरम्यान तुटीची जागा लोकवर्गणीनं घेतली. लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या देखण्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि त्या उभारणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण ज्या गावाजवळ एमआयडीसी आहे, पाटाचं पाणी आहे, पुण्यामुंबईला नोकरीला गेलेली पोरं आहेत, तिथे वर्गणी होते. ज्या गावानं उचल फेडण्यासाठी सहा महिने घराला कुलूप लावलेलं असतं त्यानं वर्गणी कुठून द्यायची? 2023 साली कंपन्या आणि देणगीदारांसाठी दत्तक शाळा योजना आली. देणगीदार स्वाभाविकपणे रस्त्यालगतची शाळा निवडेल. सरकारी पैशाचं खरं काम रस्ता संपतो तिथे सुरू होतं.

मग हा पैसा मागायचा कोणी? नोकरीत असलेल्या शिक्षकानं तोंड उघडलं की तो राजकारण करतो असं म्हणतात. पालक सहा महिने फडावर. ज्यांना अर्ज लिहिता येतो, माहिती अधिकार वापरता येतो, आमदाराला थांबवून विचारता येतं, अशी घरं जिल्हा परिषदेच्या शाळेतून केव्हाच निघून गेली. त्यात माझंही घर आहे. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकली. आम्ही मुलं काढून नेली, त्यात चूक की बरोबर हा वेगळा विषय, पण जाताना आमचा आवाजही काढून नेला. तो परत करणं आम्हाला शक्य आहे. आपल्या गावच्या शाळेचं अनुदान कधी आलं, किती आलं, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कुणाच्या टेबलावर आहे, हे ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारायला मूल त्या शाळेत असण्याची अट नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी आईनं चार्ज दिला तेव्हा मी तिच्यासोबत होतो. नवीन गुरुजी तरुण होते, काळजीपूर्वक काम करणारे. जडवस्तू नोंदवही उघडून ते एकेक बाब तपासत होते: टेबल दोन, खुर्च्या तीन, घंटा एक, नकाशे चार. मग खाली वाकून त्यांनी कपाटाचा शेवटचा कप्पा उघडला. कंगवा, तेलाची बाटली, बटणांची डबी. त्यांनी पेन वर धरून विचारलं, "बाई, हे कशात दाखवू?"

"ते नका दाखवू," आई म्हणाली. "ते नोंदीतलं नाही."

गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी वहीत काही न लिहिता कप्पा लावून घेतला आणि तेल कुठल्या दुकानातून आणता, ते विचारलं.