गोठ्यातली मदत आणि मुलाचा हक्क

शेतकरी कुटुंबात गुरांचे काम एकट्याचे नसते. पहाटेच्या धारेपासून रात्रीच्या वैरणीपर्यंत ते घरातल्या सगळ्यांत वाटले जाते आणि त्यातला एक वाटा मुलांकडे येतो. महाराष्ट्रातल्या खेड्यांत हा वाटा वयाप्रमाणे वाढत जातो. लहान मूल वासरापुढे चारा टाकते. आठ-दहा वर्षांचे झाले की गुरांना पाणी दाखवते, धार काढताना वासरू धरून ठेवते. बारा-तेराव्या वर्षी शेण काढणे, गुरे चरायला नेणे, दुधाची किटली डेअरीवर पोचवणे ही कामे अंगावर येतात. मुलींकडे बहुधा शेणगोठा आणि गोवऱ्या थापणे येते. शिवाय घरातले काम त्यांना सुटत नाही.

या कामातून मुलाला मिळते ते पुस्तकातून सहज मिळणारे नाही. रवंथ थांबलेली गाय आजारी असते, कोरडी पडलेली नाकपुडी तापाची खूण असू शकते, हे ते पाहून शिकते. त्याहून मोठा धडा नैतिक आहे. मुक्या जनावराची भूक सणावारासाठी किंवा आपल्या कंटाळ्यासाठी थांबत नाही. दुसऱ्या जिवाची जबाबदारी रोज नव्याने घ्यावी लागते. दक्षिण महाराष्ट्रातला बेंदूर, इतरत्र पोळा आणि विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून साजरा करतात तो तान्हा पोळा, हे सण जनावराविषयीची कृतज्ञता पुढच्या पिढीकडे सोपवतात. मुलांना गोठ्यापासून तोडणे हा म्हणूनच उपाय नव्हे.

मात्र गोठा ही धोक्याचीही जागा आहे. कडबाकुट्टीच्या यंत्रात हात सापडतो. दावे हाताला गुंडाळून धरलेले असताना बैल उधळला, तर मूल फरफटत जाते. नुकतीच व्यालेली गाय वासराजवळ येणाऱ्यावर धावते. म्हशी डुंबायला नेणारे मूल तळ्यात ओढले जाते. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी उचलल्यास किंवा धारोष्ण दूध प्यायल्यास ब्रुसेलोसिसची लागण होऊ शकते. ही कामे मोठ्यांचीच आहेत; मूल चलाख किंवा धीट आहे म्हणून ती त्याच्याकडे देता येत नाहीत.

कायद्याने इथे एक सीमा आखली आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामाला ठेवण्यास बंदी आली. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोका नसलेल्या कामात स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची मुभा मात्र राहिली. २०१७ च्या नियमांनी ती आणखी स्पष्ट केली: दिवसाला तीन तासांहून अधिक नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही आणि मोठ्या माणसाच्या जागी तर नाहीच. दुधाचा धंदा पहाटे सुरू होतो. डेअरीची वेळ गाठण्यासाठी झोपेतून उठवलेले मूल नेमके याच निषिद्ध वेळेत राबते आणि मग वर्गात पेंगते.

हा पेच जुना आहे. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले. गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुलांची गरज असल्याने गरीब शेतकरी त्यांना शाळेत पाठवू शकत नाहीत, हे त्यांनी त्यात मांडले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी करतानाच त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही सुचवली. पालकांना दोष देऊन भागणार नाही, त्यांची अडचण कमी केली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी.

मदत आणि राबणे यांतला फरक ओळखण्याची कसोटी साधी आहे. मूल आज शाळेत गेले, खेळायला गेले किंवा आजारी पडले, तर गोठ्याचे काम अडते का? अडत नसेल, तर ते शिकते आहे आणि हातभार लावते आहे. अडत असेल, तर घराने एका मोठ्या माणसाचा भार त्याच्या खांद्यावर ठेवला आहे, मग तो कितीही प्रेमाने ठेवलेला असो. मदतीकडून राबण्याकडे होणारी हीच घसरण दुसऱ्याच्या दारात गुरे किंवा मेंढरे राखायला ठेवलेल्या मुलापर्यंत पोचते. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी भागातील कातकरी मुले मेंढपाळांकडे अशी ठेवल्याचे उघड झाले. घरच्या गोठ्याशी त्याची बरोबरी करता येत नाही. मेंढपाळांकडे त्या मुलांना मायेचे छत्रही नव्हते.

म्हणून जबाबदारी एकट्या आईबापांची नाही. घरात मुलगा आणि मुलगी यांची कामे सारखी वाटावीत, पहाटेची धार मोठ्यांनी काढावी, परीक्षेच्या दिवसांत मुलांना गोठ्यातून मोकळे करावे. सुगीत मूल गैरहजर राहू लागले, तर शिक्षकाने घरी जाऊन कारण समजून घ्यावे. दुधाला असा भाव मिळावा की कामाला मोठा माणूस ठेवणे कुटुंबाला परवडेल. जनावराची काळजी घ्यायला शिकलेल्या मुलाची काळजी घेणे हे घर, शाळा आणि समाज या तिघांचे कर्तव्य आहे.