नांव एक, वस्तू दोन

नांव बदललें तर वस्तु बदलते काय, हा वाद तर्कशास्त्राच्या वर्गांत मी वर्षानुवर्षें घालीत आलों. परवां नांदेडच्या एका माजी विद्यार्थ्यानें तो निराळ्याच वेषांत मजपुढें आणला. हा मुलगा संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. ‘सर, एका जागीं नांव बदललें कीं हजारों ओळींत तें आपोआप बदलतें, आणि आज्ञावलीच्या वर्तनांत तिळमात्र फरक पडत नाहीं,’ तो म्हणाला. बाह्य वर्तन कायम ठेवून अंतर्गत रचना सुधारण्याच्या या कलेस रीफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या ग्रंथानें हा शब्द सर्वतोमुखीं झाला.

यंत्र हें काम आंधळेपणानें करीत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. दोन ठिकाणीं एकच नांव दिसलें, तरी तें एकाच वस्तूचें कीं दोन निराळ्या वस्तूंचें, हें तें चांगल्या वैयाकरणाप्रमाणें रचनेवरून ओळखतें. मात्र त्याची दृष्टि आज्ञावलीच्या कुंपणापर्यंतच पोंचते. साठविलेल्या जुन्या नोंदी, किंवा त्या नांवावर विसंबलेली दुसऱ्या कचेरींतली आज्ञावली, त्यास दिसत नाहीं.

विद्यार्थ्याची अडचण याहूनहि खोल होती. एका महाविद्यालयाच्या जुन्या दप्तराच्या आज्ञावलींत ‘विद्यापीठ’ असें एकच नांव होतें. तें त्याला ‘पदवी देणारें विद्यापीठ’ असें करावयाचें होतें. यंत्रानें तें क्षणांत केलें, एकहि उल्लेख सुटला नाहीं. घोटाळा झाला तो त्यामुळेंच! लातुरांत १९९३ सालीं पदवी घेतलेल्या मुलीच्या प्रमाणपत्रावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असें असतें. १४ जानेवारी १९९४ रोजीं त्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें, आणि त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ निघून लातूर त्याच्याकडे गेलें. पदवी कोणीं दिली आणि महाविद्यालय कोणाचें, हे दोन प्रश्न तोंवर एकाच उत्तरानें भागत होते. लिहिणारानें त्यांस एकच नांव दिलें. यंत्रानेंहि त्यांस एकच मानलें. जो भेद माणसानें लिहिलाच नाहीं, तो यंत्रानें कोठून वाचावा?

आणि हें नांव कांहीं साधें नव्हे. विधिमंडळानें नामांतराचा ठराव केला तो जुलै १९७८ मध्यें. त्यापाठोपाठ मराठवाड्यांत दलितांचीं घरें जाळलीं गेलीं, आणि नांव पाटीवर येण्यास साडेपंधरा वर्षें गेलीं. कळ दाबतांना हें यंत्रास आठवावें, असा हट्ट मी धरीत नाहीं. पण बदल निर्दोष झाल्याची ग्वाही जेव्हां यंत्र देतें, तेव्हां ती केवळ लिहिलेल्या अक्षरांपुरती असते. तिच्यावर विसंबून सही करणाऱ्या माणसाची जबाबदारी तेवढ्यानें उतरते, असें मला वाटत नाहीं. विद्यार्थ्यास हें पटलें कीं नाहीं, कोण जाणे. वडीलधाऱ्यांपुढें मुलें मान डोलावितातच.

आठवड्यानें त्याचा फोन आला. यंत्रानें केलेला बदल त्यानें मागें घेतला होता, आणि प्रत्येक उल्लेख स्वतः उघडून, येथें पदवी देणारें विद्यापीठ अभिप्रेत कीं संलग्न विद्यापीठ, हें ठरवीत बसला होता. निम्मे झाले होते. चार उल्लेखांचा अर्थ त्यालाहि लागत नव्हता. त्यांसाठीं तो त्या महाविद्यालयांतून निवृत्त झालेल्या कारकुनाचें घर शोधीत होता.