विटाळ कोणाचा?

गंगापूर रोडने नाशिकाबाहेर गेले म्हणजे जलालपूर जवळच आहे. तेथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. शाळा त्यांस ठाऊक नव्हती. त्यांनीच पुढे पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषविले. तेव्हा उणीव स्त्रीच्या बुद्धीत नव्हती, रूढीत होती.

परंतु दार उघडले म्हणजे मन उघडतेच असे नाही. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेत; तरी कित्येक गावी सही सरपंचबाईंची आणि कारभार पतीचा. आपण सोवळे टाकले खरे. मग मंडळीच्या बैठकीत भगिनी बोलू लागताच आपल्या कपाळी आठी का पडावी? हाही विटाळच नव्हे काय?